वडिलांचं नाव आवश्यक

१ फेब्रुवारी, शनिवार. मयूर विहार, दिल्ली

पोचले! दोन सुटकेसा, लॅपटॉप, आईने दिलेला शेंगाचटणीचा डबा (अर्धा गाडीतच संपला) आणि ही कोरी वही, सगळं सुखरूप. पहिल्या पानावर शाळेतल्यासारखं ठसठशीत नाव घातलंय: अश्लेषा खंडेराव बारबोले, बार्शी. वय सत्तावीस, नोकरी नवी, गाव नवं, आणि थंडी अशी की बार्शीचा स्वेटर इथे नुसता शोभेला.

घर कुमुदकाकूंचं. सहकारी सोसायटीतला तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू बहात्तरच्या. जन्म इथलाच, हिंदूराव इस्पितळातला, हे त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळ्या झाल्या. शांतारामकाका केंद्र सरकारात होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. काकूंचं मराठी गोड आहे, पण दर वाक्याला अच्छा आणि बिल्कुल लागतं. कोथिंबिरीला धनिया म्हणतात आणि मी हसले की रागावतात. आतली खोली बाल्कनीसकट मला भाड्याने. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही, एवढा एकच नियम.

दार मात्र काकूंनी नाही, फूलमतीने उघडलं. ती इथे अकरा वर्षं काम करते. चाळिशीची, चणीने एवढीशी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. मी नको नको म्हणेपर्यंत मोठी सुटकेस डोक्यावर घेऊन वर पोचलीसुद्धा. मग चहा. आलं इतकं, की नाकातोंडातून वाफ आली. मेट्रोत बायकांचा डबा कुठल्या टोकाला येतो, दूध कुणाकडचं घ्यायचं, कुठल्या कुत्र्याला घाबरायचं नाही, हे सगळं तिने झाडू मारता मारता सांगितलं. तिचा स्टीलचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असतो. ते माझ्या लक्षात आलं, पण पहिल्याच दिवशी काय बोलणार?

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस नोएडात, सेक्टर बासष्टला. काचेची इमारत, सातवा मजला, खिडकीतून उड्डाणपूल आणि धुरकट ऊन. माझा टीमलीड निहार भुवनेश्वरचा आहे. शांत माणूस. मी एका वाक्यात तीन प्रश्न विचारते आणि तो तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. जमेल आमचं.

कंपनीच्या ॲपचं नाव ‘प्रवेश’. सोसायट्यांच्या फाटकावर कोण आत यायचं आणि कोण नाही, ते हे ॲप ठरवतं. राहणारे, कामाला येणारे, सगळ्यांची नोंद. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद मिळून साठ हजारांवर माणसं. आमची सोसायटीसुद्धा त्यातच आहे! फाटकावरच्या गार्डला हे सांगितलं, तर तो ताठ उभा राहिला. मला मेलं हसूच आलं.

आतापर्यंत ही माहिती कशीही, कुठेही साठत गेली आहे. ती एकदाची तपासून, गाळून नव्या यंत्रणेत घ्यायची, हे माझं काम. अशी साफसफाई मला मनापासून आवडते. आई म्हणते, तुझा हात स्वस्थ बसत नाही. खरं आहे ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकूंनी जेवताना विचारलं की तू दिवसभर करतेस काय. सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण इतकं सोपं मला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं.

बाहेरून येणारी माहिती जेसन नावाच्या रूपात येते. महिरपी कंस, त्यात डावीकडे खाण्याचं नाव, उजवीकडे त्यातला मजकूर. नाव अमुक, वय तमुक. त्यात कुणीही काहीही भरून पाठवतं. वयाच्या खाण्यात ‘चालीस के आसपास’ लिहिलेलं आजच पाहिलं. आम्ही प्रोग्रॅम लिहायला वापरतो ती रस्ट भाषा मात्र कडक शिस्तीची. तिला आधी साचा सांगावा लागतो: वय म्हणजे आकडा, नाव म्हणजे अक्षरं. साच्यात बसलं तर आत, नाही तर बाहेर. वर ती प्रत्येक खाण्याबद्दल विचारते की हे असणारच, की असेल किंवा नसेल? दुसरा पर्याय घेतला, तर पुढे जिथे जिथे ते खाणं वापरायचं, तिथे तिथे ‘नसेल तर काय’ याचं उत्तर लिहीत बसायचं.

काकूंना पटकन कळलं. काकांचं खातं तेच करायचं म्हणे, कागद अपुरे असा शेरा मारून फाइल परत.

आज नावाचा साचा केला. तीन भाग: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. तिन्ही असणारच. निहार म्हणाला की त्याच्या स्वतःच्या नावात वडिलांचं नाव नाही. मी म्हटलं, नावात नसेल, ओळखपत्रावर तर आहे ना? तो म्हणाला, आहे. मग झालं तर. आमच्याकडे बालवाडीच्या हजेरीपासून तिन्ही लागतात. नुसतं पहिलं नाव ही हाक झाली, तिला नाव कसं म्हणायचं? हेच वाक्य मी कोडमध्ये टीप म्हणून टाकलं आणि स्वतःवरच खूष झाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस तापाने फणफणले होते. काकूंचे गुडघे धरलेले, त्यांना उठवत नाही. फूलमती आपली वेळ संपल्यावरही थांबली, कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. चार घरची कामं तिने माझ्यापायी बुडवली. आईची आठवण येऊन मी रडले, तर ही बाई मला हसवायला गावाकडच्या म्हशीच्या गोष्टी सांगत होती. या शहरात माझं कुणी असेल, तर ती.

बरं वाटल्यावर मी गमतीने तिचं पूर्ण नाव विचारलं. म्हणाली, “बस फूलमती, दीदी. आगे-पीछे कुछ नहीं.” गाव बदायूँकडे. तिच्या जन्माआधीच बाप गेला. आईने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, तिकडे बायका घेत नाहीत. मग आईही गेली. आता ते नाव सांगणारं कुणी उरलेलं नाही. लग्न झालं होतं, ते वर्षभरात मोडलं, त्याचं नाव तिलाच नको. अकरा वर्षांपूर्वी फाटकावर तिची नोंद झाली, तेव्हा गार्डने नुसतं फूलमती लिहिलं आणि आजवर काही अडलं नाही.

मी तिला आमच्याकडचे उखाणे सांगितले, चारचौघांत नाव घ्यायला लावतात ते. तोंडावर पदर घेऊन हसली.

साचा आठवला मला. नाही असं नाही. पण कुठेतरी, कुठल्यातरी कागदावर तिचं काहीतरी असेलच, असं म्हणून मी कुशीवर वळले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी झाली. एकसष्ट हजारांपैकी चारशे बारा नोंदी नापास. शंभरात एकही नाही! निहार खूष. त्याने विचारलं की या चारशे बारांचं काय करायचं, बाजूला ठेवायच्या का? मी म्हटलं, ज्यांचं नावही पुरं नाही त्यांचं काय ठेवायचं, कचरा आहे, पुन्हा भरतील. त्यामुळे नापास झालं की मूळ नोंद तिथेच पुसली जाते. मागे काही उरत नाही. स्वच्छ काम.

यादी डोळ्यांखालून घालायला हवी होती. बाकी सगळे जेवायला निघाले होते, मीही निघाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी यंत्रणा सकाळी दहाला सुरू झाली. एकही अडथळा नाही. टाळ्या, समोसे, गुलाबजाम. मोठ्या साहेबांनी माझं नाव घेतलं, तेही बारबोले न अडखळता. अण्णांना फोन केला. त्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण आईला हाका मारमारून सांगितलं. नऊ मार्चच्या रविवारी येतोच म्हणाले दिल्लीला, तिकीटही काढलंय.

खूप, खूप छान वाटतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बाल्कनीतून पाहिलं, तर फूलमती फाटकाबाहेर उभी. खाली गेले. गार्ड म्हणाला की मशीन लाल दाखवतंय, नावच नाही. अकरा वर्षं जिला रोज बघतोस तिला ओळखत नाहीस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ओळखतो, पण मशीन नाही म्हणतंय. फूलमतीच मला समजावत होती की दीदी, तुम्हारी मेट्रो छूट जाएगी, जाओ. मी म्हटलं, आज ऑफिसात गेल्या गेल्या बघते.

आठ तास मीटिंगा. विसरले. घरी येताना मेट्रोत सेक्टर अठराच्या आसपास आठवलं. परत फिरायला पाहिजे होतं.

फाटकावर ती नव्हती. काकू झोपल्या होत्या. उद्या सकाळी सगळ्यात आधी हेच काम.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काकूंना विचारलं, फूलमती आली का. त्यांनी विचारलं, कोण फूलमती?

मला वाटलं, वय झालंय. म्हटलं, अहो काकू, आपली कामवाली. त्या म्हणाल्या की आपल्याकडे कधीच कामवाली नव्हती, काकांना परक्या बाईचा हात स्वयंपाकघरात बिल्कुल चालत नसे. हे सांगताना त्या भांडी घासत होत्या. मी त्यांचे हात पाहिले. परवापर्यंत मऊ होते, मी स्वतः त्यांना क्रीम लावून दिलं होतं. आज बोटांना भेगा आहेत, नखं झिजली आहेत, तळव्यांना घट्टे पडलेत. एका दिवसात असं होत नाही. ते हात वर्षानुवर्षं घासत आलेले आहेत.

खिडकीच्या कट्ट्यावर पेला नाही. तिथे मनीप्लांट आहे. मुळं काचेच्या बाटलीत गच्च भरलीत, बाटलीचा तळ दिसत नाही.

ऑफिसला मेट्रोने निघाले. दोन स्टेशनं आधीच उतरले आणि चालत गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्रणेत शोधलं. फूलमती नावाची कुणीही नाही. मग नापास नोंदींचा आकडा पाहिला.

शून्य.

निहारला विचारलं की चारशे बारा होत्या ना? तो म्हणाला, कुठल्या? चाचणीतही शून्य होत्या, म्हणून तर साहेबांनी कौतुक केलं. त्याने जुनं ईमेल उघडून दाखवलं. माझंच ईमेल. त्यात शून्य लिहिलं आहे.

आणि या वहीत, अठरा तारखेला, माझ्याच अक्षरात चारशे बारा.

संध्याकाळी जिन्याखालच्या प्रेसवाल्याकडे कपडे आणायला गेले. सगळे त्याला छोटे म्हणायचे, नुसतं छोटे. तिथे टेबल नाही. फरश्यांच्या फटींतून गुडघाभर गवत आलं आहे. शेजारच्या बाईने सांगितलं की इथे कुणीच कधी इस्त्री करत नव्हतं.

ते मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. मी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साचा बदलायला घेतला. वडिलांचं नाव: असेल किंवा नसेल. आडनाव: असेल किंवा नसेल. बदल दोन ओळींचा. भाषेने दोनशे चौदा चुका दाखवल्या. जिथे जिथे ते नाव वापरलंय तिथे तिथे तोच प्रश्न, नसेल तर काय? हे महिनाभराचं काम आहे. निहारने नकार दिला. त्याचंही चुकत नाही, त्याच्या दृष्टीने एकही नोंद अडलेली नाही, मग चालू यंत्रणा कशासाठी मोडायची? मी त्याच्यावर ओरडले. सगळे बघत होते. त्याने मला सुट्टी घ्यायला सुचवलं, अगदी प्रेमाने.

घरी येऊन वही वाचली. एक तारखेला लिहिलंय, हनुवटीवर तीन ठिपके. मला ठिपके आठवेनात.

१ मार्च, शनिवार

आठवतं तेवढं लिहून ठेवते. आल्याचा चहा. म्हशीची गोष्ट, पण म्हशीने काय केलं ते आठवत नाही. पदर तोंडावर. आवाज? आवाज कसा होता? कपाळावरचा हात थंड होता, हे नक्की.

कुणाला सांगू? आईला फोन केला, तर ती म्हणाली की तापात तुझी सेवा कुमुदकाकूंनीच केली, तूच नाही का सांगितलंस? सोन्यासारखी बाई मिळाली म्हणे.

फूलमतीला लक्षात ठेवणारी जगात मी एकटी उरले आहे. मीही विसरले की संपलं. मग ती नव्हतीच.

३ मार्च, सोमवार

काल दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. काकू म्हणाल्या, बैस गं, चक्कर येते मला. आज सकाळी वही उघडली, तर फूलमती हे नाव वाचून एक क्षण वाटलं, कोण बाई ही? एकच क्षण.

थांबायला वेळ नाही. साचा बदलत नाही, तर तिलाच साच्यात बसवायचं.

ऑफिसात बसून तिची नोंद हाताने लिहायला घेतली. नाव फूलमती. पुढे? रिकामं ठेवलं: नामंजूर. एक टिंब टाकलं: नामंजूर, किमान दोन अक्षरं हवीत. तो नियमही माझाच. काहीतरी खोटं नाव घालायला बोट धजेना. कुठल्या अनोळखी माणसाची तिला मुलगी करू? शेवटी आम्ही सगळे करतो तेच केलं. जी नोंद चालते ती उचलायची आणि हवं तेवढं बदलायचं. माझी स्वतःची नोंद उचलली. पत्ता तोच, जन्मतारीख तीच, बाकी सगळं तसंच. फक्त अश्लेषा पुसून फूलमती लिहिलं.

फूलमती खंडेराव बारबोले. मंजूर. हिरवी खूण.

अण्णा कनवाळू आहेत, एक लेक जास्त झाली तर रागावणार नाहीत. हे मनात म्हणून मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

४ मार्च, मंगळवार

आली! ती आली! सकाळी आल्याचा वास आला आणि मी धावत सुटले. स्वयंपाकघरात फूलमती. माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

ती म्हणाली, अगं रडतीस काय येड्यासारखी. मराठीत. आमच्या बार्शीच्या मराठीत.

हनुवटी स्वच्छ आहे. ठिपके नाहीत. ती टेबलाशी बसून काकूंच्या चांगल्या कपातून चहा पीत होती, आणि काकू आम्हा दोघींकडे बघून म्हणाल्या, बहिणी-बहिणींचं किती गं प्रेम. आहे ना ती, मग झालं.



५ मार्च, बुधवार

निहारचा टीमला मेसेज आला. दुहेरी नोंदी गाळायचा नियम गेल्या आठवड्यापासून चालू आहे, त्याने लिहिलाय. पहिलं नाव सोडून बाकी सगळं सारखं असेल तर दोन नोंदी म्हणजे एकच माणूस. त्यातली नवी खरी, जुनी बाजूला काढायची, नवी रद्द झाली तरच ती परत येते. आजवर फक्त एकच सापडली आणि ती निकाली निघाली.

खाली जुन्या नोंदीचा क्रमांक होता. माझ्या गळ्यातल्या कार्डावर तोच आहे.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसच्या दाराने कार्ड घेतलं नाही. लाल. निहार काचेपलीकडून गेला. मी काच ठोकली. त्याने नम्रपणे विचारलं, कुणाला भेटायचंय?

परत आले. फाटकही लाल. भाजीवाल्या बाईच्या मागोमाग शिरले. आता बाहेर पडायचं नाही, परत येता येणार नाही.

आईच्या मोबाइलवर माझा बारावीचा फोटो आहे, ती दर वर्षी स्टेटसला टाकते तो. आज टाकला. पेढा भरवताना आई, आणि पेढा खाणारी—

तिच्या वेण्या माझ्यासारख्याच घातल्यात.

७ मार्च, शुक्रवार

काकू फूलमतीला म्हणाल्या की तुझ्या त्या बाईला सांग, बाल्कनी पुसून घे म्हणावं. मी समोर होते. चहा मला स्टीलच्या पेल्यात मिळाला. कट्ट्यावरच्या.

फूलमती सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन मेट्रोने गेली. तिच्या बॅगेत तिचा लॅपटॉप आहे. माझा माझ्याजवळ. त्यातलं ऑफिसचं पान सोमवारपासून उघडंच आहे, बंद केलेलं नाही. बंद केलं तर पुन्हा आत जाता येणार नाही. चार्जर काढत नाही. पडदा विझू देत नाही. दर दोन मिनिटांनी बोट फिरवते.

त्यावर तिची नोंद आहे. ती काढली, तर जुनी परत उभी राहील. म्हणजे मी.

आणि ती—

८ मार्च, शनिवार

झोप नाही. फूलमती आत गुणगुणतेय. ही तीच आहे का? तीच नसेल, तर पाप नाही. नुसती एक खोटी नोंद, माझ्याच हातची. एक कळ. पण तीच असेल तर मी तिला दुसऱ्यांदा—

कट्ट्यावर तिचा पेला नव्हता तेव्हा कसं वाटलं होतं, ते या वहीत आहे. वाचलं. मला आता ते आठवत नाही, पण अक्षर थरथरलेलं दिसतं.

भीती वाटते. मला मरायचं नाहीये. मरणं निदान कुणाला तरी कळतं.

आईचं नाव आठवायला आज वेळ लागला.

९ मार्च, रविवार

अण्णा आले. खालून त्यांची हाक ऐकू आली. फूले, फूले.

मी बाल्कनीत. लॅपटॉप मांडीवर. पडद्यावर प्रश्न आहे, ही नोंद काढायची? बोट ‘हो’वर ठेवलंय. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर—

आत आले. थकलेत, केस किती पिकलेत. ती त्यांच्या पाया पडली. तिच्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी, माझ्या पाठीवरून फिरवायचे तसाच. अण्णा, इकडे बघा. एकदा बघा.

बघितलं. ओळख नाही. पण हसले, परक्याच्या लेकीकडे बघून हसतात तसे. बाल्कनीच्या दारापर्यंत आले. विचारतायत, कुणाची गं तू पोरी?

कळ दाबली की सांगता येईल. एवढंच. आत्ता—

फूलमती पाणी घेऊन आली. एक तांब्या त्यांना. दुसरा माझ्यापुढे धरलाय. वाकून, अण्णांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, दीदी, पी लो. हिंदीत. तिचे डोळे—तीच आहे. तिला सगळं आठवतंय. लॅपटॉप दिसतोय तिला. हात बाजूला घेत नाहीये. पाणी धरून उभी आहे.

अण्णा वाट बघतायत.

‘हो’ न दाबताच बोट उचललं. पडदा विझतोय, विझू दे. अण्णांना सांगते, मी फूलमतीची—